तांदळाच्या दाण्याएवढा चुना

हुए, राजवाडा
ड्रॅगनचं वर्ष, दहावा महिना, बारावा दिवस

मेनताई,

उशीर झाला म्हणून रागावू नकोस. मला पत्र लिहायला बसवणं म्हणजे म्हशीला नाव वल्हवायला बसवणं. मिशनच्या शाळेत आपण दोघी दोनच पावसाळे गेलो. तेवढ्यात तू अक्षरं शिकलीस आणि मी शाई सांडायला शिकले. एक बरं आहे, आमचे म्हातारे खोजे बिन्हकाका राजवाड्याबाहेर जाणारा प्रत्येक कागद तपासतात, पण त्यांना फक्त जुनी चिनी अक्षरं येतात. आपली ही नवी अक्षरं ते कधीकधी उलटीसुद्धा धरतात, भुवया आक्रसून वाचल्यासारखं करतात आणि ‘ठीक आहे’ म्हणतात. त्यामुळे मी मनात येईल ते लिहिते. तसंही मनात ठेवायची मला सवय नाही.

तुझ्या शेजारच्या सेनमावशीनं लेकीसाठी पाठवलेली बरणी पोचली. मिरची आणि गवती चहा घालून परतलेला, आंबवलेला जवळा. वास आत आला तेव्हा पहारेकऱ्यांनी नाकं धरली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आईकडून आलंय म्हटल्यावर बाईसाहेब उठून बसल्या. तू म्हणशील, त्यात काय? अगं, दोन महिने झाले, ही बाई जेवत नाही. आपल्या आन्लाइची लुआ, जिच्या बापानं लढाईत जुन्या सम्राटांचा जीव वाचवला म्हणून तिला सतराव्या वर्षी पालखीत घालून इथं आणलं, ती आता सम्राज्ञी आहे, तिच्यापुढे रोज पन्नास वाट्या येतात आणि पन्नास परत जातात. पेज प्यायची तर गार करून, वर शहाळ्याचं पाणी, संपलं जेवण. तीन वैद्य होऊन गेले. एक म्हणाला पोटात वारा आहे, दुसरा म्हणाला काळजात आग आहे, तिसरा म्हणाला दोघांचंही बरोबर आहे. बायका कुजबुजतात की विषप्रयोग असणार. म्हणून पेजेत जेवायच्या त्या खास लाकडाच्या काड्या बुडवून बघतात, विष असलं तर म्हणे काळ्या पडतात. काड्या काही काळ्या पडत नाहीत. सम्राट डोंगरात शिकारीला गेलेत. ते इथं असले तरी वर्षातून दोनदाच ह्या बाजूला फिरकतात, तेव्हा त्यांना विचारून उपयोग नाही.

फक्त माझा विडा मात्र बाईसाहेब कधी परत करत नाहीत. दिवसाला सहा. हे मी गर्वानं सांगत नाही असं लिहिणार होते, पण गर्वानंच सांगते. बावीस वर्षं मी ह्या घरात विडे लावतेय. पान पंखासारखं कातरायचं, सुपारी भिजवायची, चुना आधी स्वतःच्या जिभेवर बघायचा आणि मगच लावायचा. ह्या हातानं एवढ्या वर्षांत चूक केलेली नाही.

तर बरणी उघडली. बाईसाहेबांनी गरम भाताबरोबर बोटभर जवळा तोंडात घातला. मेनताई, असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दोन बोटांनी बरणी लांब लोटली, ‘घेऊन जा’ म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी काय ते समजले. खाडीकाठचा वास आता सोसवत नाही. ज्या जवळ्यावर वाढली तो घशाखाली उतरेना. मोठेपण आलं. मला असा संताप आला की त्या संतापात मी आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनी मिळून तीन दिवसांत बरणी संपवली. रिकामी बरणी धुऊन ह्याच नावाड्याबरोबर पाठवतेय. मावशीला काय सांगायचं ते तू ठरव. मी असते तर खरं सांगून मोकळी झाले असते.

आणखी एक. विडा घेताना बाईसाहेब मला हळूच विचारतात, खाडीत यंदा कोळंबी कशी आहे? रोज विचारतात. सम्राज्ञीला कोळंबीच्या चौकशा कशाला, पण विचारलंय तर सांगायला हवं. लहान आहे की मोठी, तेवढं लिहून पाठव.

थोआ


आन्लाइ
दहावा महिना, सव्विसावा दिवस

थोआ,

मावशीला काय सांगायचं ते मी ठरवायचं होतं म्हणे. नावाडी आला तेव्हा मावशी माझ्याच ओट्यावर बसली होती. ‘थोआचं पत्र आहे? मोठ्यानं वाच, जरा करमणूक होईल,’ म्हणाली. म्हशीपर्यंत मोठ्यानं वाचलं, दोघी हसलो. बरणीपाशी आले तेव्हा मी शब्द गिळायला लागले. तिनं लगेच ओळखलं. तिच्यासमोर बसून गोड वाक्यं जुळवायला मला जमत नाही, तुला माहीत आहे. सगळं वाचलं. ‘मोठेपण आलं’ तेसुद्धा. मावशीनं रिकामी बरणी उचलली, आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, ‘चांगली धुतलीय.’ दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं की यंदा नववर्षाला ती हुएला जाणार नाही.

तिथलं ते वाकणं तू रोज बघतेस, म्हणून तुला त्याचं काही वाटेनासं झालं असेल. आम्हाला वाटतं. वर्षातून एकदा, नववर्षाच्या सहाव्या दिवशी, आईला लेकीकडे जायची परवानगी. ती आई असली तरी पाच वेळा कपाळ चटईला टेकायचं, मान खाली, नजर खाली, आणि तसंच मागं सरकत बाहेर यायचं. नऊ वर्षं मावशीनं पोरीचं तोंड बघितलेलं नाही. मला एकदा म्हणाली, ‘त्या चटईची वीण मला पाठ झालीय, मेन. डावीकडून सातवी काडी तुटलेली आहे.’ यंदा तिनं ठरवलं होतं की मान वर करून बघायचंच. फटके बसले तर बसले. कारण तिच्या डोळ्यांवर पडदा आलाय. आधी डावा गेला, आता उजवा चाललाय. वैदू म्हणाला की पुढच्या पावसाळ्यानंतर उजेड आणि अंधार एवढंच कळेल. म्हणजे लेकीचं तोंड बघायचं असलं तर हेच नववर्ष. आणि नेमकी आत्ता तू बरणी धुऊन पाठवलीस, वर मोठेपणाचा दाखलाही दिलास.

आणि खुळे, ती कोळंबीचं विचारत नाही. आन्लाइत कोळंबी कोण सुकवतं? तिची आई. राजवाड्यात आईचं नाव काढायची सोय नसेल, म्हणून कोळंबी. हे कळायला शाळेत तिसरा पावसाळा जावं लागत नाही.

मेन


हुए
अकरावा महिना, पाचवा दिवस

मेनताई,

तुझं पत्र वाचून स्वतःच्या थोबाडीत मारून घेणार होते, पण हाताला चुना होता. बरी बोललीस. मी इतके दिवस बाईसाहेबांना कोळंबीच्या मिशांची लांबी सांगत होते आणि त्या बिचाऱ्या मान डोलावून ऐकत होत्या. ‘जाळ्यात यंदा कोळंबी नाहीच, खेकडेच फार’ असं मी म्हटलं तेव्हा त्या एवढ्या घाबरल्या का, ते मला आता कळतंय.

पण त्या सरळ का विचारत नाहीत हेही ऐक. इथं त्यांनी तोंडातून काढलेला प्रत्येक शब्द हुकूम होतो. आल्या त्या वर्षी एकदा म्हणाल्या, ‘आज उकडतंय जरा.’ संध्याकाळी पंखा ढाळणाऱ्या दोघींना छड्या बसल्या. एकदा म्हणाल्या, हा सूर बरा वाटतो, तर तीन महिने त्या वाजवणाऱ्याला दुसरं काही वाजवू देईनात. बाईसाहेबांच्या आणि त्याच्या, दोघांच्याही डोक्याला ताप. तेव्हापासून त्या बोलायच्या बंद झाल्या. बरं नाही, वाईट नाही, हवं नाही, नको नाही. आईला वाकायला लावू नका असं त्यांनी म्हणायचं ठरवलं तर आधी आईवरच दोष येईल, की हिनं लेकीला नियम मोडायला शिकवलं. लोक बाहेरून बघतात आणि म्हणतात, काय नशीब काढलंय.

मला मात्र काय झालं कुणास ठाऊक. परवा विडा देताना कोळंबीचं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कोळंबी बरी आहे, बाईसाहेब, पण तिचे डोळे चाललेत. पावसाळ्यानंतर दिसणार नाही म्हणे.’

त्यांचा हात विड्याकडे निघाला होता तो तिथंच राहिला. मला वाटलं, आता माझे दिवस भरले. त्या म्हणाल्या, ‘तिला तिथं चटईच दिसते ना?’

मी म्हटलं, ‘तिला वीण पाठ आहे.’

‘मी नऊ वर्षं तिच्या अंबाड्यातली काडी बघतेय,’ त्या म्हणाल्या. ‘हाडाची आहे. पूर्वी चांदीची होती. विकली का तिनं?’

‘विचारून सांगते,’ मी म्हटलं. विड्यांचं तबक दोन्ही हातांनी धरून तशीच उभी राहिले. आणि उभी असतानाच डोक्यात प्रकाश पडला. मी उभी होते. बावीस वर्षं मी रोज सहा वेळा सम्राज्ञीसमोर, आधी जुन्या आणि आता ह्या, जातेय आणि एकदाही वाकलेली नाही. तबक धरलेल्या बाईनं वाकायचं नाही असा नियमच आहे, कारण तबक कलंडून चुना सांडणं हा मोठा अपशकुन. माझ्या वयाच्या इथल्या सगळ्या बायकांचे गुडघे कामातून गेलेत, माझे शाबूत आहेत, ते मी आजवर माझ्या चालण्याची करामत समजत होते.

कळलं का? सहाव्या दिवशी तबक मावशीनं धरायचं. तबक धरलं की मान ताठ, नजर समोर. तिला समजव. तिथं सुपात काहीतरी ठेवून सराव करायला सांग. मी इकडचं बघते. आणि काडी विकली का, ते कळव.

थोआ


आन्लाइ
अकरावा महिना, विसावा दिवस

थोआ,

काडी विकली. पहिल्या वर्षी राजवाड्यात जायचं तर रेशमी झगा पाहिजे म्हणून विकली, आणि त्या झग्यात तिनं चटईच बघितली.

तुझी युक्ती सांगितली तर मावशी आधी भडकली. म्हणाली, ‘लेकीकडे विडे वाटणारी मोलकरीण होऊन जाऊ? थोआला म्हणावं, एक बरणी धुतलीस तेवढं पुरे.’ मग मी तिला ते अंबाड्यातल्या काडीचं वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तिनं डोक्याला हात लावून ती काडी काढली, चाचपली, परत खोचली आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणातून बघते तर बाई अंगणात येरझाऱ्या घालतेय. हातात सूप, सुपात बदकाची सहा अंडी. उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत. पहिल्या दिवशी तीन फुटली. काल एकही नाही. सगळं गाव विचारतंय म्हातारीला काय झालं. मी सांगितलं, वैदूनं डोळ्यांसाठी दिलेला उपाय आहे. आता आणखी दोन म्हाताऱ्या सुपात अंडी घेऊन फिरायला लागल्यात.

मावशीचा एक प्रश्न आहे, जसाच्या तसा लिहितेय. जवळा तोंडात घातल्यावर लुआच्या डोळ्यांत पाणी आधी आलं की तोंड आधी वाकडं झालं? नीट आठवून लिही म्हणाली.

मेन


हुए
बारावा महिना, नववा दिवस

मेनताई,

तोंड आधी. मग पाणी. ह्यानं काय फरक पडतो ते मावशीलाच ठाऊक, मला असल्या बारकाव्यांना वेळ नाही.

इकडे बिन्हकाकांना पटवायचं म्हणजे दगडाला पोहायला शिकवायचं. मी मनगटाला फडकं बांधलं, हात लचकला म्हणून कण्हले आणि विचारलं की सहाव्या दिवशी तबक कोण धरणार? दुसरी एखादी बाई धरेल म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्यांचे हात कापतात, सणाच्या दिवसांत चुना सांडला तर जबाबदारी तुमची. मग हळूच म्हटलं, पाहुणी म्हणून येणारी ती आई आहे ना, तिचा हात फार स्थिर आहे. अंडी नेते.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग नियमांचं ते भलं मोठं पुस्तक काढलं आणि दोन दिवस वाचत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘तबक धरणारीनं वाकू नये, असं लिहिलंय. तबक कुणी धरावं, ते लिहिलेलं नाही.’ मी म्हटलं, मग? तर म्हणाले, ‘मग जे लिहिलेलं नाही ते मला वाचता येत नाही.’ मी मनात म्हटलं, म्हातारा फसला. माझ्यासारखी हुशार बाई ह्या राजवाड्यात दुसरी नसेल असं वाटून त्या दिवशी मी दोन विडे जास्त खाल्ले.

बाईसाहेबांना आधी काही सांगितलेलं नाही. त्या दिवसेंदिवस वाळतायत. आता बोलतानाही ओठ फार उघडत नाहीत. वैद्यांनी चौथा बोलावलाय. विडा मात्र अजून सहाच्या सहा घेतात, हाच एक आधार आहे बघ.

मावशी पाचव्या दिवशी संध्याकाळी मागच्या दाराशी पोचेल अशी तिला नावेत बसव. झगा तोच चालेल.

थोआ


हुए
सापाचं वर्ष, पहिला महिना, आठवा दिवस

मेनताई,

मावशी नावेतून उतरल्यावर तुला काही सांगणार नाही, म्हणून मी लिहितेय. स्वतःची बाजू सावरून लिहीन असं वाटत असेल, तर तशी बाजूच शिल्लक राहिलेली नाही.

सहाव्या दिवशी दाराशी मी तबक मावशीच्या हातात दिलं. तिनं मला विचारलं, ‘किती पावलं?’ मी म्हटलं, एकवीस. पडदा वर गेला. बिन्हकाकांनी सम्राज्ञीच्या मातोश्री आल्याचं पुकारलं आणि दासींना म्हणाले की विड्यांच्या वेळी इथं गर्दी नको. त्या गेल्या. काका स्वतः दाराबाहेर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी मनगटाला फडकं बांधून भिंतीशी.

मावशी चालली. चुन्याच्या डबीचं झाकणसुद्धा वाजलं नाही. बाईसाहेब गादीवर बसलेल्या, नजर नेहमीसारखी खाली, जिथं अंबाडा दिसायचा तिथं. अंबाडा दिसेना, तेव्हा त्यांनी वर बघितलं.

मला वाटलं होतं रडारड होईल. कुणी रडलं नाही. बाजारात मासळी घेताना कल्ले उघडून बघतात ना, तशी मावशी बघत होती. आणखी जवळ गेली. आणखी जवळ. शेवटी तबक बाईसाहेबांच्या गुडघ्यांना टेकलं.

‘दिसतंय का?’ बाईसाहेबांनी विचारलं.

‘धुरकट दिसतंय,’ मावशी म्हणाली. ‘हात मोकळे असते तर दिसलं असतं.’

आणि मेनताई, सम्राज्ञीनं उठून तिच्या हातातलं तबक स्वतःच्या हातात घेतलं. कुठल्या सम्राज्ञीनं कधी तबक धरलंय? आता त्या दालनात मोकळ्या हातांच्या बायका दोन, मावशी आणि मी, आणि नियमानं दोघींनी चटईवर पडायला हवं होतं. मी पडणारच होते, पण मावशीला पडायला सवड नव्हती. तिनं दोन्ही तळवे लेकीच्या तोंडावर ठेवले. कपाळ, भुवया, गाल. गालांपाशी ती थांबली. हनुवटी धरली, अंगठ्यानं खालचा ओठ ओढला आणि म्हणाली, ‘आ कर.’

जिच्यापुढे मंत्री जमिनीला नाक घासतात तिनं तबक धरून उभ्या उभ्या आ केला.

मी भिंतीशी होते, तरी मला दिसलं. आत सगळं सोलून निघालेलं. जीभ, गालाच्या आतली बाजू, हिरड्या, सगळं लाल आणि पांढरं. मावशीनं मान वळवली नाही. तशीच म्हणाली, ‘हिच्या विड्याला चुना कोण लावतं?’

मेनताई, बावीस वर्षांत मी पहिल्यांदा वाकले. गुडघ्यांनी असा आवाज केला की बाहेर बिन्हकाका खोकले. चार वैद्य, पन्नास वाट्या, त्या काड्या, आणि विष रोज सहा वेळा मी माझ्या हातानं नेऊन देत होते, वर अभिमानानं. काड्या पेजेत बुडवल्या सगळ्यांनी, विडा कोण काड्यांनी खातं? आणि तो जवळा. मिरचीचा जवळा त्या सोललेल्या जिभेवर पडला तेव्हा काय झालं असेल. तोंड आधी की पाणी आधी, ते मावशीनं उगाच विचारलं नव्हतं. मी त्याला मोठेपण म्हटलं. कागदावर लिहिलं. बरणी चाटूनपुसून खाल्ली आणि धुऊन पाठवली.

मी चटईला कपाळ लावून पडले होते. डावीकडून सातवी काडी खरंच तुटलेली आहे.

बाईसाहेब म्हणाल्या, ‘तिला काही बोलू नकोस, आई. मी नको म्हटलं असतं तर का नको ते विचारलं असतं. आणि मग तिला विषाचा आरोप ठेवून बाहेर काढलं असतं.’

‘किती दिवस झाले?’

‘गेल्या पावसाळ्यापासून वाढलं.’

‘मग निदान कमी खायचेस. सहा कशाला?’

बाईसाहेबांनी हातातल्या तबकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘विडा घेतला की ती दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात कोळंबीचं विचारता येतं.’

माझा विडा त्या कधी परत करत नाहीत म्हणून मी तुला गर्वानं लिहिलं होतं. ते पत्र तुझ्याकडे असेल तर चुलीत घाल. नाहीतर नको घालूस, राहू दे. मी पुन्हा मोठेपणा करायला लागले की वाचून दाखव.

मावशीनं तबकातला एक विडा उचलला, तोंडात टाकला, दोनदा चावला आणि रुमालात काढून ठेवला. म्हणाली, ‘ह्या चुन्यानं घराच्या भिंती रंगवून होतील. ऊठ थोआ. जीभ दाखव.’ मी उठले, दाखवली. तिनं डोळे बारीक करून बघितली, नखानं टोचली. मला काही कळलंच नाही. ‘मेलीय ही,’ मावशी म्हणाली. ‘कधीच मेलीय. आणि ही बया चुना हिच्यावर बघते.’

मग तिनं मला माप दिलं. एका विड्याला तांदळाच्या दाण्याएवढा चुना, आणि तोही शिजवलेल्या नाही, कच्च्या दाण्याएवढा. जिभेवर बघायचा नाही, दाण्याशेजारी ठेवून बघायचा. लेकीला तीन महिने विडा बंद. घ्यायचा हातात, तोंडात घालायचा नाही, दोन मिनिटं धरायचा आणि माझ्याकडे परत द्यायचा. असा हुकूम एका सम्राज्ञीला दिला आणि तिनं मान डोलावली. मावशी म्हणाली, मिरची न घातलेला जवळा करून पाठवते. मला पाहिजे असेल तर मिरचीचा वेगळा, पण ती बरणी मी न धुता परत करायची.

हे सगळं चाललं असताना दाराबाहेर बिन्हकाका मोठमोठ्यानं फुलांच्या कुंड्या मोजत होते. तिथं कुंड्या अकरा आहेत. काका त्रेचाळीसपर्यंत गेले. मी म्हाताऱ्याला फसवलं होतं ना, तो हा म्हातारा. मावशी बाहेर आली तेव्हा ते तिला म्हणाले, ‘पुढच्या वर्षीही थोआचा हात लचकणार आहे असं दिसतंय.’ मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले की माझं अक्षर फार वाईट आहे, उलटं धरल्यावर जरा बरं दिसतं. आता त्यांना वाचता येतं की येत नाही, हे मी विचारलं नाही. तूही कुणाला विचारू नकोस.

बाईसाहेबांनी काल अर्धी वाटी मऊ भात खाल्ला. कोमट, गार नाही. आज पाऊण.

आणि आज विडा हातात धरून त्यांनी विचारलं, खाडीत कोळंबी कशी आहे? मी म्हटलं, कोळंबी परवा नावेत बसून गेली बाईसाहेब, जाताना नावाड्याशी भांडली, चटईवर बसणार नाही म्हणाली. त्या हसल्या. ओठ दुखत असतील तरी हसल्या. मग दोन मिनिटं झाली तरी मला जा म्हणाल्या नाहीत.

तेव्हा मेनताई, यापुढे पत्रात तुझ्या बदकांचं आणि सुनेचं कमी लिही. कोळंबीचं सविस्तर लिहीत जा. सकाळी काय खाल्लं, झोप लागते का, अंडी घेऊन फिरते की सोडलं. आणि पुढच्याच नावेनं कळव, कोळंबीचा उजवा डोळा कसा आहे.

थोआ